घरचं त्रिफळा चूर्ण विकायचंय? परवाना आधी काढा

हिरडा, बेहडा, आवळकाठी घरी कुटून शेजारीपाजारी वाटलं तर कुणी विचारत नाही. डबीवर ‘आयुर्वेदिक औषध’ छापून विकायला काढलं की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो. महाराष्ट्रात उत्पादनाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. अर्ज आयुष मंत्रालयाच्या ई-औषधी पोर्टलवर भरायचा. गंमत म्हणजे आयुर्वेदिक औषध नुसतं विकायला परवाना लागत नाही, बनवायला लागतो.

स्वतःची जागा असेल तर फॉर्म २४-डी. ‘शेड्यूल टी’प्रमाणे (औषध नियमांतलं उत्पादनाच्या जागा-स्वच्छतेचं परिशिष्ट) उत्पादनासाठी किमान १२०० चौरस फूट बांधीव जागा हवी, म्हणजे फ्लॅटचं स्वयंपाकघर बाद. तेवढी ऐपत नसेल तर फॉर्म २४-ई भरून लोन लायसन्स घ्या: कारखाना दुसऱ्याचा, परवाना तुमचा. सुरुवातीला मी हेच सुचवेन.

जागेचा उतारा किंवा भाडेकरार, नकाशा, भागीदारीपत्र, यंत्रांची यादी, लेबलचा नमुना ही कागदपत्रं पटकन जमतात. पूर्णवेळ तांत्रिक माणूस मिळवणं जड जातं. त्याचं प्रमाणपत्र आणि नेमणूकपत्र दोन्ही जोडा. नुसती पदवी भाड्याने घेतलेली तपासणीत उघडी पडते.

खरी मेख पाठात, म्हणजे औषधाच्या कृतीत आणि घटकांत आहे. त्रिफळा ग्रंथोक्त, त्यामुळे ग्रंथाचं नाव, पान आणि घटकांचं प्रमाण दिलं की बरंचसं भागतं. त्यात स्वतःच्या मनाने एखादी वनस्पती वाढवलीत तर ते ‘प्रोप्रायटरी’ (स्वतःच्या पाठाचं) औषध होतं आणि औषध नियमांतल्या नियम १५८-बीप्रमाणे परिणामकारकतेचा पुरावा मागितला जातो. बिब्बा, बचनाग, कुचला यांसारखं विषारी काही पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलवर छापावी लागते.

मालाचं पोतं आलं की आधी नमुना काढून ठेवा. ओलसर आवळकाठीला पांढुरकी बुरशी धरते आणि दळल्यावर ती दिसत नाही. शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आत हवं. स्वतःची प्रयोगशाळा नसली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल चालतो, पण तो बॅच नंबरासकट फाइलला लावा.

अर्ज पूर्ण असेल तर निर्णयाची मुदत दोन महिने आहे. परवाना हातात आला तरी डबीवर ‘मधुमेह बरा होतो’ लिहू नका. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.