ऑक्झेंडन रायगडावर कशासाठी आला होता?

राज्याभिषेकाच्या चित्रांत सिंहासनासमोर कमरेत वाकलेला एक टोपीवाला हमखास असतो. शाळेच्या पुस्तकापासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत आपण त्याला पाहत आलेलो आहोत. हा हेन्री ऑक्झेंडन, ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईचा वकील. त्याला सोहळ्याच्या शोभेसाठी काढलेलं असतं, पण तो सोहळ्यासाठी आलेला नव्हता. त्याच्याजवळ मागण्यांची यादी होती आणि त्यातली सगळ्यात जुनी मागणी तेरा वर्षांपूर्वीची, बुडालेल्या पैशांची होती.

परक्या माणसांशी सौदा कसा करावा, याचे वर्ग हल्ली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत भरतात. जपानी पाहुण्याला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, जर्मन माणसाच्या बैठकीला वेळेआधी पोचावं, असं बरंच काही तिथे सांगतात. ते चुकीचं नाही. पण १६७४च्या रायगडावरची बोलणी वाचली की वाटतं, अशा सौद्यांत माणसं अडतात ती बहुधा दुसऱ्याच ठिकाणी.

सुरुवात राजापूरपासून करावी लागते. आज रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव असलेलं राजापूर तेव्हा आदिलशाहीचं चालतं बंदर होतं. घाटावरून मिरी आणि कापड उतरायचं आणि अर्जुनेच्या खाडीतून समुद्राकडे जायचं. १६४९च्या सुमारास इंग्रजांनी तिथे वखार घातली. अफझलखानाच्या वधानंतर, १६६०च्या सुरुवातीला मराठी फौज बंदरात उतरली, तेव्हा खानाच्या मालाच्या जहाजांवरून तंटा झाला आणि कंपनीचा दलाल व फिलिप गिफर्ड हा वखारवाला पकडला गेला. ते प्रकरण तेवढ्यावर मिटू शकलं असतं. पण त्याच वर्षी आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि राजापूरचा मुख्य वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि दारूगोळा घेऊन थेट वेढ्यात हजर झाला. इंग्रजी निशाण उभारून गडावर गोळे टाकले गेले. गडावर खुद्द शिवाजी महाराज होते.

पुढच्या वर्षी, मार्च १६६१मध्ये, राजापूरची वखार खणून काढली गेली. रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार कैदेत पडले आणि शेवटचे कैदी सुटायला १६६३चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांना रागारागाने पत्रं लिहिली: आम्ही कंपनीच्या मालासाठी कैदेत सडतोय आणि तुम्ही काही करत नाही. सुरतेहून आलेलं उत्तर मला या सगळ्या कागदांतलं सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्याचा मतलब असा की, तुम्ही कैदेत का आहात ते तुम्हीच जाणता. मालाचं रक्षण केलंत म्हणून नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजी निशाणाखाली गोळे टाकलेत म्हणून. ज्याच्या हातात बळ आहे तो याचा सूड घेणारच. म्हणजे आपल्या माणसांनी काय केलं हे कंपनीला घरातल्या घरात पुरतं कबूल होतं. शिवाजीपुढे मात्र हाच मामला पुढची अनेक वर्षं ‘निरपराध व्यापाऱ्यांची लूट’ म्हणूनच मांडला गेला.

ही मागणी पुन्हा जोरात वर आली ती मुंबईमुळे. १६६८मध्ये बेट कंपनीकडे आलं, पुढच्या वर्षी जेराल्ड ऑन्जिए गव्हर्नर झाला. बेटाला धान्य आणि लाकूड लागायचं समोरच्या किनाऱ्यावरून, आणि तिथे मराठ्यांचा अंमल होता. दुसऱ्या बाजूला कंपनीचा मोठा व्यापार सुरतेत, मोगलांच्या राज्यात. त्यात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार मोगलांचं, आणि पावसाळ्यात ते मुंबईच्या आसऱ्याला येऊ पाहायचं. सिद्दीला थारा दिला तर महाराज चिडणार, नाही दिला तर सुरतेची वखार अडचणीत. महाराजांना इंग्रजांकडून तोफा हव्या होत्या, सिद्दीविरुद्ध मदत हवी होती. इंग्रजांना ती उघडपणे देणं परवडत नव्हतं आणि साफ नाही म्हणणंही परवडत नव्हतं. १६७२मध्ये स्टीफन उस्टिक येऊन गेला, १६७३मध्ये थॉमस निकल्स रायगड चढून गेला. दोघेही गोड शब्द घेऊन परतले. निकल्सने तर हुबळीच्या लुटीची तक्रारही जोडून पाहिली. ती लूट आपल्या हुकुमाने झालीच नाही, असं उत्तर मिळालं.

मे १६७४मध्ये ऑक्झेंडन मुंबईहून निघाला. रेवदंड्याला पोर्तुगिजांनी दरवाजे बंद केलेले असल्याने पहिली रात्र कोटाबाहेर काढावी लागली. पुढे निजामपूरमार्गे मंडळी पाचाडला पोचली, तर कळलं की महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेलेत. थांबा. आजचा एखादा विलायती मॅनेजर या थांबण्याला ‘पूर्वेकडची वेळेची कल्पना’ म्हणून मोकळा झाला असता. ऑक्झेंडनने तो वेळ निराजीपंतांशी बोलण्यात घालवला, आणि माझ्या मते करार निम्मा तिथेच झाला.

निराजी रावजी हे राज्याचे न्यायाधीश. कंपनीच्या यादीत एक कलम असं होतं की महाराजांनी सिद्दीशी तह करावा, मध्यस्थी आम्ही करू. निराजीपंतांनी ऑक्झेंडनला सांगितलं, हा विषय काढू नका, महाराज ऐकणार नाहीत. समोरच्या पक्षाचाच माणूस तुमच्या यादीतलं कुठलं कलम आधीच खोडायचं ते सांगतो, याहून मोठी मदत ती कुठली? त्याच बोलण्यांतून व्यापार वाढावा अशी दरबाराचीही इच्छा आहे हे वकिलाला कळलं. गडावर चढण्यापूर्वी काय मिळेल आणि काय मिळणार नाही, याचा अंदाज त्याला आलेला होता.

इंग्रजांच्या बाजूने बोलणारा होता नारायण शेणवी. गोवा ते मुंबई या पट्ट्यात पोर्तुगिजांपासून मराठ्यांपर्यंत सगळ्यांच्या दरबारी वावरणारे सारस्वत दुभाषे होते. नारायण शेणवी त्यांतलाच. ऑक्झेंडन येण्याआधी, एप्रिलमध्येच तो रायगडावर जाऊन वातावरण पाहून आला होता. त्याचं काम वाक्यं इकडची तिकडे करण्यापुरतं नव्हतं. कुणाला किती किमतीचा नजराणा द्यायचा, कुणाला वगळलं तर काम अडेल, हे तोच सांगायचा. मुंबईहून आणलेली नजराण्यांची यादी पुरेशी नाही, मोरोपंत पेशव्यांसह बाकीच्या कारभाऱ्यांनाही वस्त्रं द्यावी लागतील, हे त्याने सांगितलं आणि वकिलाने ऐकलं. याला कुणी लाच म्हणेल. पण दरबाराकडून इंग्रजांनाही वस्त्रं मिळालीच. देणंघेणं उघड्यावर, सर्वांसमोर होत होतं आणि कुणी किती दिलं याची नोंद कंपनीच्या वहीत खर्च म्हणून पडत होती.

२२ मेच्या सुमारास मंडळी गडावर चढली. चार दिवसांनी भेट झाली. व्यापार निर्धास्तपणे करा, असं महाराजांनी आश्वासन दिलं आणि तपशिलाची बोलणी मोरोपंतांकडे सोपवली. त्यानंतर गडावर तुलादान झालं. महाराजांचं वजन सुमारे सोळा हजार होन, म्हणजे सोन्याची नाणी, भरलं, असं ऑक्झेंडनने टिपून ठेवलं आहे. ६ जूनला सकाळी सातआठच्या सुमारास दरबारात बोलावणं आलं. वकिलाने लांबूनच मुजरा केला, नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली. महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांना सिंहासनाच्या पायरीशी बोलावून वस्त्रं दिली गेली. चित्रकारांनी पकडला तो हा क्षण. सिंहासनाच्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर लावलेला सोन्याचा मासा, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचा सोन्याचा तराजू त्याने पाहिला, आणि दरवाजाशी उभे असलेले दोन लहान हत्ती या गडावर चढवले कसे, याचं त्याला नवल वाटलं.

गडावरच्या मुक्कामातली एक गोष्ट मात्र चित्रात येणार नाही. रोज अर्धा बोकड फस्त करणारे हे गिऱ्हाईक आहेत तरी कोण, ते पाहायला मांस पुरवणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून आला होता. त्याचा जितका माल वर्षांत खपत नसे तितका या मंडळींनी महिनाभरात संपवला होता.

आता कलमांकडे. मागणी होती वीस कलमांची. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथे वखारी घालायची मुभा, अडीच टक्के जकात, असं बरंचसं मान्य झालं. राजापूरच्या नुकसानीचे दहा हजार होन ठरले. पण ते थैलीतून मोजून मिळणार नव्हते. तीन वर्षं कंपनीने दर वर्षी पाच हजार होनांचा माल राज्याकडून घ्यायचा आणि निम्मीच किंमत द्यायची, म्हणजे साडेसात हजार फिटले. उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातीतून वळते करायचे. मला ही तडजोड फार आवडते. कंपनीला भरपाई मिळाली असं लंडनला कळवता येत होतं. राज्याच्या खजिन्यातून एक होनही बाहेर पडत नव्हता, आणि भरपाई हवी असेल तर इंग्रजांना राजापूरला परत येऊन माल उचलणं भाग होतं.

दोन कलमं अडली. पहिलं नाण्याचं. मुंबईत कंपनीची टांकसाळ नुकतीच सुरू झाली होती आणि तिची नाणी राज्यात चालावीत अशी मागणी होती. उत्तर आलं की कुठलंच नाणं आम्ही बंद करत नाही, पण ज्यात तोटा होईल ते घ्यायची सक्ती रयतेवर करणार नाही. तुमचं नाणं इतरांसारखं वजनाला आणि कसाला उतरलं तर ते आपोआप चालेल, त्याला कलम कशाला?

दुसरं कलम फुटलेल्या जहाजांचं. वादळात किनाऱ्याला लागलेलं इंग्रजी जहाज आणि माल परत मिळावा, अशी मागणी होती. ते कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, असं सांगितलं गेलं. शिवाय तुम्हाला दिलं तर फ्रेंच आणि वलंदेज, म्हणजे डचही, तेच मागतील. परक्या रिवाजाचा अडसर म्हणून हे कलम सांगितलं जातं, पण तसं पाहिलं तर खुद्द इंग्लंडच्या कायद्यातही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या मालावर राजाचा हक्क होताच. ऑक्झेंडनला हे उत्तर न समजण्यासारखं काहीच नव्हतं. एकाला सवलत दिली की सगळे दारात उभे राहतात, ही तर कुठल्याही व्यापाऱ्याची रोजची काळजी.

हे सगळं आपण वाचतो ते मुख्यतः इंग्रजांच्या कागदांवरून, हेही लक्षात ठेवायला हवं. मोरोपंतांनी आणि निराजीपंतांनी आपसांत या टोपीकरांबद्दल काय ठरवलं, ते सांगणारे कागद जवळपास उरलेले नाहीत.

करारानंतर राजापूरची वखार उघडली, पण वसुली रखडत राहिली. मालाचा दर कोणता धरायचा, माल कुठला द्यायचा, यावर दर वर्षी नवी घासाघीस. सिद्दीचा प्रश्न तर करारात घेतलेलाच नव्हता, आणि तोच उलटला. १६७९मध्ये मराठ्यांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट तटबंदीसाठी ताब्यात घेतलं, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी एका बाजूला आणि मायनाक भंडाऱ्याचं आरमार दुसऱ्या बाजूला, अशी लढाई जुंपली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. १६८०च्या सुरुवातीला पुन्हा तहाची बोलणी झाली आणि सहा वर्षांपूर्वी निराजीपंतांनी बाजूला ठेवायला लावलेला सिद्दीच, त्याच्या मुंबईतल्या थाऱ्याच्या रूपाने, या वेळी बोलण्यांच्या मध्यभागी आला. त्या एप्रिलमध्ये महाराज गेले.

या अनुभवाचं मराठी बाजूने काय झालं, त्याचं उत्तर पुढच्या पिढीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या ग्रंथात सापडतं. सावकार ही राज्याची शोभा, त्यांना बाहेरून बोलावून आणून वसवावं, असं ते आधी सांगतात. मग टोपीकरांकडे वळतात: हेही सावकारी करतात, पण बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, कारण यांच्या पाठीशी राज्य करणारे धनी आहेत. वखारीला जागा देणं भागच पडलं तर समुद्रकाठापासून दूर, खोलगट ठिकाणी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.