जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स: गॅरेजला येण्याआधी एवढं बघून ठेवा

दहा-पंधरा वर्षं चाललेली गाडी दारात आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे नेमकं कधी होतं? इंजिन गार असताना की तापल्यावर, चढाला की सपाटीला, कोणत्या गिअरमध्ये? नुसत्या "गाडी ओढत नाही" एवढ्यावर अंदाजाने पार्ट बदलत गेलं, तर बिल वाढतं आणि तक्रार तशीच राहते. गाडी रोज तुमच्या हातात असते, म्हणून अर्धं निदान तुमच्याकडेच असतं.

धुराचा रंग आणि धुराची वेळ

नाशिकच्या थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, पाण्याचे थेंबही पडतात. गाडी तापल्यावर ते थांबलं तर विसरून जा. तापल्यावरही पांढरा धूर येतोय, कुलंट कमी होतंय आणि डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय, असं असेल तर गाडी चालवत आणू नका, टो करून आणा. ही बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेल्याची खूण. ऑइलमध्ये पाणी असताना गाडी चालवली तर बेअरिंगपर्यंत नुकसान पोचतं.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर बघतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इथे वेळ फार महत्त्वाची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना एक झोत येऊन मग साफ होत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हशेजारून ऑइल आत उतरू न देणारं रबर). चढाला जोर दिल्यावर मागे निळं दिसत असेल, तर पिस्टनच्या रिंगांवर. या दोन कामांच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून इंजिन खोलण्याआधी आम्ही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासतो. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं प्रेशर घ्यायचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्यायचं. आकडा वर चढला तर गळती रिंगांतून आहे. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. पेट्रोल गाडीला ही तपासणी थोड्या वेळात होते. तुम्ही शेजारी उभे राहून गेज स्वतः वाचा, आम्हाला ते आवडतं.

स्कॅनर सगळं सांगत नाही

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०३०१ आला, की अर्थ एवढाच: पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, म्हणजे इंधन नीट पेटत नाहीये. कारण प्लग असेल, प्लगला वीज देणारी कॉइल असेल, इंधन फवारणारा इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशनही असेल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून गाडी चालवायची. कोड पी०३०२ झाला तर दोषी कॉइलच. पैसा न घालता मिळणारं हे उत्तर आहे, आणि ते न घेता नवी कॉइल विकणं आम्हाला पटत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८००ला स्कॅनर लागतच नाही. तिथे प्लगचा रंगच बोलतो.

काटा कुठे चढतो?

नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर आधी रेडिएटरचा पंखा बघायचा. कसारा घाट चढताना तापते पण शहरात ठीक असते, तर रेडिएटर चोक झालेला असू शकतो. बोअरचं पाणी भरत राहिल्यास आत क्षार साचतात, कुलंटच वापरा. आणि तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी

"गिअरबॉक्स गेला" म्हणून आलेल्या गाडीत दोष क्लचचा निघणं आम्हाला नवं नाही. घरीच करून बघा: इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. बंद असताना सहज पडतात आणि सुरू असताना अडतात, रिव्हर्सला खर्र करतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. घाटात इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट घसरतेय.

आवाजाचंही तसंच. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा. क्लच दाबल्यावर आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग; क्लच दाबल्यावर आवाज जातो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. एकाच गिअरला, विशेषतः दुसऱ्याला, टाकताना घासत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी). पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पूर्ण वळवताना कट-कट वाजते, तर ॲक्सलचा जॉइंट. गिअर बदलताना धक्का बसून ठक होत असेल, तर आधी इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबरी माउंटिंग) तपासू.

येताना

सकाळी सुरू होण्याची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, म्हणजे गार इंजिन आम्ही स्वतः सुरू करू. येण्याआधी इंजिन धुऊन आणू नका, गळती कुठून आहे ते पुसलं जातं. ऑइल किती किलोमीटरला किती टाकावं लागतं ते लिहून ठेवा, जुनी बिलं सोबत घ्या. आवाज ठराविक रस्त्यावरच येत असेल तर तसं सांगा. तुम्ही गाडी चालवा, आम्ही शेजारी बसून येतो. बदललेला प्रत्येक जुना पार्ट आम्ही तुमच्या हातात देतो.