भयगंड : वर्तनवादी उपपत्ती व उपचार

एखाद्या विशिष्ट वस्तूची, प्राण्याची किंवा प्रसंगाची, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी आणि चिवट भीती म्हणजे भयगंड. निदान करताना ही भीती साधारण ६ महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली आहे का आणि तिच्यामुळे रोजचे व्यवहार अडतात का, हे पाहिले जाते. पाल दिसली की अंग शहारणे एवढ्याला भयगंड म्हणत नाहीत.

वर्तन अनुभवातून शिकले जाते असे मानणारे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये ‘अल्बर्ट’ या तान्ह्या मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाला सुरुवातीला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. तो सुमारे ११ महिन्यांचा असताना, उंदीर समोर येताच मुलाच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारण्यात आला. अशा काही जोड्यांनंतर नुसता उंदीर दिसला तरी मूल रडू लागले. ससा आणि केसाळ कोटालाही ते बिचकू लागले. हे अभिजात अभिसंधान, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्याने एकीची प्रतिक्रिया दुसरीलाही जोडली जाणे. आज असा प्रयोग नीतिनियमांत बसणार नाही, आणि एका मुलावरून काढलेला निष्कर्ष पाठ्यपुस्तके दाखवतात तितका भक्कमही नाही. शिवाय भीती नेहमी स्वतःच्या अनुभवातूनच येते असे नाही. दुसऱ्याला घाबरलेले पाहून किंवा नुसते ऐकूनही ती जडते. साप, उंची यांचे भय सहज बसते, विजेच्या प्लगचे क्वचितच. मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्ये याला जैविक पूर्वतयारीचे, म्हणजे काही भये चटकन शिकण्याच्या उपजत कलाचे, कारण दिले.

जडलेली भीती आपोआप विरत का नाही, याचे उत्तर टाळाटाळीत आहे. होबार्ट मौरर यांच्या द्विघटक उपपत्तीनुसार (१९४७) भीती अभिसंधानाने जडते आणि पळ काढल्यावर मिळणाऱ्या सुटकेने टिकते. कुत्रा दिसताच रस्ता ओलांडला की जिवात जीव येतो. ही सुटका टाळण्याच्या सवयीला ऋण प्रबलन देते, म्हणजे नकोसे काही दूर झाल्याने ती सवय बळावते, आणि कुत्रा चावला नसता हे कळायची संधी हुकते.

उपचाराचा गाभा म्हणूनच सामना. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचे खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला जाई. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतशीर असंवेदनीकरणात आधी स्नायू शिथिल करायला शिकवतात, मग भीतीच्या पायऱ्या चढत्या क्रमाने कल्पनेत आणवतात. आता कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष सामन्यावर भर असतो.

कुत्र्याच्या भयाची शिडी अशी असू शकते : चित्र, चलचित्र, रस्त्यापलीकडचा साखळीतला कुत्रा, ५ मीटर, १ मीटर, शेवटी पाठीवर हात. प्रत्येक पायरीला ० ते १०० असे भीतीचे गुण देतात. सुरुवात मधल्या गुणांच्या पायरीपासून केलेली बरी; अगदी सोप्या पायरीवर शिकण्यासारखे फारसे काही घडत नाही. पायरीआधी ‘काय होईल असे वाटते?’ हे लिहून घ्यावे, नंतर प्रत्यक्ष काय झाले ते पडताळावे. लार्स-गोरान अस्ट यांच्या एकसत्री पद्धतीत हे सारे सुमारे ३ तासांच्या आत उरकते.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. भीती शिगेला असताना रुग्ण बाहेर पडला तर सुटकेचे बक्षीस पुन्हा मिळते. दुसरे म्हणजे चोरटे आधार : सोबतीचा हात धरणे, नजर वळवणे, आधी शामक गोळी घेणे. अशा वेळी श्रेय गोळीला जाते. विलोपनाने, म्हणजे धोका न घडता वारंवार सामना करून भीती ओसरण्याने, जुने शिक्षण पुसलेही जात नाही, त्यावर नवे चढते. म्हणून दवाखान्यात नाहीशी झालेली भीती दुसऱ्या जागी परतू शकते. वेगवेगळे कुत्रे, वेगवेगळ्या जागा आणि मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून सराव केल्यास ही शक्यता घटते.

रक्त, जखम व सुईच्या भयाचा प्रकार वेगळा. यात रक्तदाब आधी चढतो, मग एकदम कोसळतो आणि घेरी येते, त्यामुळे शिथिलीकरण इथे उलटे पडते. त्याऐवजी हात, पाय व धडाचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, आवळून धरायचे, मग २० ते ३० सेकंद सोडायचे, पण पूर्ण सैलावायचे नाही. असे ५ वेळा. सुई टोचायच्या हाताचे स्नायू मात्र टोचण्यापूर्वी सैल ठेवावे लागतात, नाहीतर दुखते.