इम्युनोथेरपी म्हणजे गुळवेलीचा काढा नव्हे

गावागावांत फिरणारा मेसेज असा: "इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणं. ब्लड कॅन्सरला धुऱ्यावरच्या कडुनिंबाची गुळवेल उकळून घ्या, किमो नको." नावावरून तसं वाटणं साहजिक आहे.

पण ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारात, बिघाड पांढऱ्या पेशींतच असतो. रुग्णाचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट काढून पाहा: 4 ते 11 हजारांच्या जागी कधी 50 हजारांवर आकडा, शेजारी 'ब्लास्ट' लिहिलेलं. म्हणजे अपक्व, निकामी पेशी. आकडा एवढा, तरी ताप हटत नाही. मग वाढवायचं काय?

ब्लिनाटुमोमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध एका टोकाने कॅन्सर पेशीवरचं सीडी19 नावाचं प्रथिन धरतं, दुसऱ्या टोकाने आपल्याच टी-पेशीला (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशीला) तिच्यावर सोडतं. बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या एएलएल नावाच्या ल्युकेमियात अनेकदा किमोच्या फेऱ्यांसोबत आलटूनपालटून ते देतात. किमोने भार उतरवायचा, उरल्यासुरल्या पेशी याने टिपायच्या. एका फेरीत 4 आठवडे ते पंपातून सतत थेंबथेंब जातं. एएमएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाचा उपचार वेगळा. फाइलीतल्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीच्या) कागदावर सीडी19 पॉझिटिव्ह आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतातच आहेत, आणि किमोच्या काही औषधांचा ताण यकृतावर असतोच. काढा चालू असेल तर रागावतील म्हणून लपवू नका, सांगा.