ट्रान्सफर केसमध्ये कोणतं तेल? या प्रश्नामागचा इतिहास

१९८० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत बनलेल्या कितीतरी अमेरिकी फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकच्या मॅन्युअलमध्ये ट्रान्सफर केसपुढे, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्यापुढे, ‘डेक्स्रॉन २’ किंवा ‘डेक्स्रॉन ३’ असं छापलेलं आहे. डेक्स्रॉन हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठी जनरल मोटर्सनं ठरवलेलं मानक. या नावांचं परवानाधारक तेल आज मिळत नाही. ट्रक मात्र अजून चालू आहेत. तेल निवडताना आज जो गोंधळ होतो, त्यातला मोठा भाग या एका विसंगतीतून आला आहे, आणि तिचं मूळ केसच्या आतल्या रचनेत झालेल्या बदलांमध्ये आहे.

आधीचा काळ सोपा होता. १९४१च्या लष्करी जीपमधली स्पायसर १८ असो की साठच्या दशकाअखेरीस आलेली बिडाची दणकट एनपी (न्यू प्रोसेस) २०५ असो, आत सगळे गिअरच होते. गिअरला गिअर ऑइल, म्हणजे ‘नव्वद नंबर’. त्यावर कुणी वाद घालत नव्हतं.

या नंबरानं मात्र पुढे बऱ्याच जणांची दिशाभूल केली, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. गिअर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ४० हे एकाच मापपट्टीवरचे आकडे नाहीत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरच्या गिअर ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, १३.५ ते १८.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असते. ४० नंबरच्या इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३ असते. म्हणजे आकडे दुपटीहून लांब दिसले तरी तेलं जवळपास शेजारी आहेत. खरी दरी ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडशी, म्हणजे एटीएफशी आहे. जुन्या डेक्स्रॉन ३ची व्हिस्कॉसिटी त्याच तापमानाला साधारण ७ ते ७.५ होती, गिअर ऑइलच्या जेमतेम निम्मी. ‘नंबर बराच कमी आहे, म्हणजे इंजिन ऑइल एटीएफसारखंच पातळ असणार’ असं मानून केलेले प्रयोग अजूनही पाहायला मिळतात, ते या दोन मापपट्ट्यांमुळे.

१९७३ साली केसमध्ये चेन आली. कायम चारही चाकांना ताकद देणारी एनपी २०३ त्या वर्षीच्या ट्रकमध्ये बसली, आणि तिच्यासाठी चक्क १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल सांगितलं गेलं. त्याच वर्षी क्वाड्रा-ट्रॅक नावाची दुसरी चेनवाली केस आली. तिच्या आतल्या डिफरन्शियलमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरसंचात) शंकूच्या आकाराचे क्लच होते आणि त्यांना खास वेगळं तेल लागायचं. चुकीचं किंवा जुनं झालेलं तेल असलं की गाडी सावकाश वळवताना खालून कण्हल्यासारखा आवाज येई. केसमध्ये क्लच असेल तर तेलाचं काम वंगणापुरतं राहत नाही, घर्षण किती व्हावं हेही तेलच ठरवतं, ही गोष्ट तेव्हाच समोर आली होती. पुढची पंचवीस वर्षं बहुतेकांना ती आठवायची गरज पडली नाही.

कारण ऑक्टोबर १९७३मध्ये तेलसंकट आलं. सतत चारही चाकं फिरवणारी, पेट्रोल पिणारी रचना दशकाअखेर मागे पडली. १९८०च्या सुमारास ॲल्युमिनियमची हलकी एनपी २०८ आली, मग २३१, २४१ ही तिची भावंडं आली. हवं तेव्हाच पुढची चाकं जोडायची, आत चेन, लो रेंजसाठी (कमी वेग, जास्त जोर) प्लॅनेटरी गिअर आणि मागच्या शाफ्टवर छोटा पंप. या केसना एटीएफ दिलं गेलं, आणि त्यामागे तांत्रिक कारणं पक्की होती. चेनच्या बारीक सांध्यांत पातळ तेल लवकर शिरतं. पंपाला ते थंडीतही ओढता येतं. जाड तेलात फिरणारी चेन तेल घुसळत बसते, त्यात ताकद वाया जाते आणि केस तापते. अमेरिकेत १९७५च्या कायद्यानं गाड्यांच्या सरासरी मायलेजची सक्ती आलेली होती, त्यामुळे वाया जाणाऱ्या ताकदीचा हिशेब होऊ लागला होता. अशा केसमध्ये ८०डब्ल्यू-९० भरून ‘जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण’ असं समाधान मानणं सरळ चूक आहे.

पण एटीएफ ट्रान्सफर केससाठी जन्मलेलं नव्हतं. त्याचं प्रत्येक मानक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लचप्लेटकडे बघून लिहिलं गेलं. १९६७च्या पहिल्या डेक्स्रॉनमध्ये घर्षण नेमकं राखण्यासाठी स्पर्म व्हेलच्या तेलापासूनचा घटक वापरत. १९७० साली अमेरिकेनं या व्हेलला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं, घटक बदलावा लागला, नव्या मिश्रणानं गिअरबॉक्सच्या कूलरमधले सोल्डरचे जोड खाल्ले, म्हणून पुन्हा सुधारणा झाली. १९९३ साली डेक्स्रॉन ३ आलं, त्याच्याही पोटात आवृत्त्या झाल्या. या सगळ्या घडामोडींत ट्रान्सफर केस फक्त मागून ओढली जात होती. बाटलीवरचं नाव तेच, तर चालतंय, इतकाच तिचा विचार.

मग २००५-०६ साली डेक्स्रॉन ६ आलं आणि २००६च्या अखेरीस डेक्स्रॉन ३चे परवाने संपवण्यात आले. वाद इथूनच सुरू होतो. नवं तेल मुद्दाम पातळ केलेलं आहे, १०० अंशांना कमाल ६.४ सेंटीस्टोक. त्याची बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. जुनं तेल बाटलीत सात-साडेसात असलं, तरी वापरात त्यातली पॉलिमरची साखळी तुटून ते सहाच्या खाली घसरायचं. नवं तेल सहावर सुरू होतं आणि तिथेच टिकतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी जुन्याच्या जागी नवं वापरा, असा अधिकृत सल्ला दिला गेला तो याच आधारावर.

अनेकांनी तोच सल्ला ट्रान्सफर केसलाही लावला. मानकाची मालक असलेल्या कंपनीनं मात्र सेवापत्रकात वेगळी सूचना दिली होती: ज्या मॅन्युअल गिअरबॉक्सना आणि ट्रान्सफर केसना पूर्वी डेक्स्रॉन ३ लागत होतं, त्यांत आता ‘मॅन्युअल ट्रान्समिशन अँड ट्रान्सफर केस फ्लुइड’ हे स्वतंत्र तेल घालावं. या विषयातली सर्वांत महत्त्वाची सूचना मला हीच वाटते, आणि ती फार कमी ट्रकमालकांपर्यंत पोचली. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे मान्य केलं गेलं ते एका सेवापत्रकात. ट्रकच्या ग्लोव्ह बॉक्समधल्या पुस्तकात जुनंच नाव राहिलं. दुकानांत ‘डेक्स्रॉन ३ला अनुरूप’ असं लिहिलेल्या बाटल्याही राहिल्या. मूळ परवानाच संपल्यानं त्या दाव्यामागची अधिकृत तपासणी गेली होती. साध्या, क्लच नसलेल्या २३१ किंवा २४१मध्ये डेक्स्रॉन ६नं ताबडतोब काही बिघडतं असं नाही. पण ते ‘आपोआप योग्य’ आहे, हे म्हणणं गिअरबॉक्ससाठी होतं, केससाठी नव्हतं.

दरम्यान केसमध्ये क्लच परतला होता. १९९८च्या सुमारास एनपी २४६ आली. ‘ऑटो’ बटण दाबलं की मागची चाकं घसरताच आतला क्लच पुढच्या चाकांकडे ताकद वळवतो. तिच्यासाठी ऑटो-ट्रॅक हे निळं तेल काढलं गेलं. लाल एटीएफशी गल्लत होऊ नये, इतकी ही गोष्ट गंभीर मानली गेली होती. १९९९च्या एका लोकप्रिय एसयूव्हीतली एनव्ही (न्यू व्हेंचर) २४७ याच जातीची, तिचंही तेल खास. यांत साधं एटीएफ घातलं तर वळताना थरथर होते, चाकं अडखळतात आणि क्लच खराब होत जातो. २४६ची आणखी एक दुखरी बाजू म्हणजे पंपाचा कान हलून हलून केसला आतून भोक पाडतो. तेल वरच्या बाजूनं हळूहळू उडून जातं, खाली डाग पडत नाही, आणि कोणतं तेल हा प्रश्न विचारण्याआधीच केस कोरडी झालेली असते.

गिअरवाल्या केस संपलेल्या नाहीत. १९८३ची लँड रोव्हरची एलटी२३० अनेक वर्षं गिअर ऑइलवरच चालली. गंमत म्हणजे तिला जोडलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये काही काळ एटीएफ होतं. एकाच ट्रकमध्ये हातभर अंतरावर दोन वेगळी तेलं, आणि मधलं सील गेलं तर एकाची पातळी घटते नि दुसऱ्याची वाढते. गिअर ऑइल घेतानाही जीएल-४ आणि जीएल-५ हा श्रेणींचा भेद आहेच. जीएल-५मध्ये हायपॉइड (एकमेकांवर जोरात घासणाऱ्या, ॲक्सलमधल्या) गिअरसाठी गंधक-फॉस्फरसचे घटक जवळपास दुप्पट असतात, आणि पितळी-कांस्याच्या भागांना ते सोसतातच असं नाही.

जुन्या ट्रकमध्ये अजून एक घोळ असतो: केस बदललेली असते. कधी २४६ काढून साधी २४१ बसवलेली, कधी २०३च्या जागी २०५. तेव्हा मॅन्युअल त्या ट्रकचं असतं, आत फिरणाऱ्या केसचं नसतं. एनपी आणि एनव्ही मालिकेतल्या केसच्या मागच्या अर्ध्या भागावर एक छोटी गोल चकती असते. तिच्यावर मॉडेलचा क्रमांक, लो रेंजचं गुणोत्तर आणि बनल्याची तारीख कोरलेली असते. चिखलाचा थर खरवडून ती आधी वाचायची. तेल भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहायचा, तो निघतो याची खात्री झाली की मगच तेल सोडण्याचा खालचा बोल्ट काढायचा.