दयामरण

असाध्य आजाराने वा न सुधारणाऱ्या अवस्थेने यातना भोगणाऱ्या माणसाचे आयुष्य त्याच्याच हितासाठी हेतुतः संपवणे, किंवा ते लांबवणारे उपचार थांबवणे. मराठीत ‘इच्छामरण’ हा शब्दही सर्रास वापरला जातो. परंतु दोन्ही एकच मानल्याने घोटाळा होतो. ‘इच्छामरण’ म्हणताच भीष्म आठवतात. महाभारतात शंतनूने त्यांना दिलेला वर ‘स्वच्छंदमरणा’चा, म्हणजे मृत्यूची वेळ आपण ठरवण्याचा आहे. शरशय्येवरचे भीष्म उत्तरायणाची वाट पाहत राहिले. त्या वराने मरण जवळ आणले नाही, लांबवले. शिवाय शुद्धीत नसलेल्या रुग्णाची इच्छा विचारायची कशी? ‘दयामरणा’त दया करणारा दुसरा कोणी असतो आणि निर्णय कोणाचा हा प्रश्न झाकला जात नाही, म्हणून येथे तो शब्द पत्करला आहे.

‘यूथॅनेशिया’ हा मूळ ग्रीक शब्द; अर्थ ‘चांगले मरण’. रोमन चरित्रकार सुएटोनिअसने तो सम्राट ऑगस्टसच्या शांत अंताविषयी वापरला. तेथे वैद्याचा संबंध नाही. 17 व्या शतकाच्या आरंभी इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने तो वैद्याच्या कर्तव्याशी जोडला. त्यालाही मरणाऱ्याची वेदना हलकी करणे एवढेच अभिप्रेत असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मृत्यू घडवून आणणे हा आजचा अर्थ बहुधा 1870 च्या सुमारास, क्लोरोफॉर्म वापरात आल्यानंतर रुळला. नाझी राजवटीने अपंग व मनोरुग्णांच्या हत्यांना हेच नाव दिले, तो कलंक शब्दावर अजून आहे.

औषध देऊन प्राण घेणे ते सक्रिय, उपचार काढून घेणे ते निष्क्रिय दयामरण. नेदरलँड्स व बेल्जियममध्ये 2002 पासून सक्रिय दयामरणाला अटींसह कायद्याची मान्यता आहे. भारतात तो गुन्हा आहे.

भारतातील कायदा घडला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातून. नोव्हेंबर 1973 मधील हल्ल्यात गळा आवळला जाऊन त्यांच्या मेंदूला इजा झाली. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाची वाट त्याच निकालाने खुली केली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. तो योग्यच होता: पिढ्या बदलल्या तरी तेथील परिचारिका त्यांना मऊ केलेला घास भरवत, कूस बदलत राहिल्या. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे शुद्ध हरपल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची अट मात्र इतकी जाचक होती की ही तरतूद जवळजवळ कागदावरच राहिली. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून हे इच्छापत्र साक्षांकित करता येते. उपचार थांबवण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे.

जैनांची सल्लेखना आणि प्रायोपवेशन यांत देह ठेवणारा स्वतःच अन्न सोडतो. पवनारला 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबा भावे यांनी अन्न व औषध नाकारून देह ठेवला. दया करणारा दुसरा कोणी नसल्याने या प्रथा दयामरणात मोडत नाहीत.