आधी गारवा, मग लेझर: लाल जन्मखुणेच्या उपचाराला येण्यापूर्वी

"बाळ त्या थंड फवाऱ्यानंच दचकतंय, तो बंद ठेवून लेझर नाही का करता येणार?" आमच्याकडे येणाऱ्या आया हे हमखास विचारतात. नाही करता येणार. का, ते इथे सांगतो.

चेहऱ्यावरचा जन्मजात लाल डाग, म्हणजे पोर्ट-वाइन स्टेन, हा कातडीत फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा असतो. घरात त्याला लासं म्हणतात. ग्रहणाशी त्याचा काहीही संबंध नाही. आईनं स्वतःला मुळीच दोष देऊ नये. त्या वाहिन्यांतलं रक्त ५९५ नॅनोमीटरच्या लेझरचा पिवळा प्रकाश शोषून घेतं, ते तापतं आणि वाहिनी बंद पडते. पण वाटेत वरच्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, तेही तोच प्रकाश ओढून घेतं. गव्हाळ, सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, म्हणून भाजण्याची आणि काळा डाग राहण्याची भीतीही आपल्याला जास्त.

म्हणून लेझरआधी वरची कातडी थंड फवाऱ्यानं गार करतो. फवाऱ्यातलं गार करणारं द्रव्य, टेट्राफ्लुरोइथेन, उणे २६ अंशांनाच उकळतं. कातडीवर पडलं की उडून जातं, जाताना तिथली उष्णता घेऊन जातं. साधारण ३० मिलिसेकंद फवारा, २०-३० मिलिसेकंद थांबा, की लगेच लेझर. एवढ्यात गारवा वरच्या थरापुरताच पोचतो, खालच्या वाहिन्या गरमच राहतात. सगळी मदार या वेळेवर आहे. म्हणून घरून बर्फ लावून येऊ नका. बराच वेळ लावलेला बर्फ खोल उतरतो आणि ज्या वाहिन्या तापायला हव्यात, त्यांनाच गार करतो.

'चस्स' असा आवाज येईल, कातडी क्षणभर पांढरी दिसेल. हँडपीसचं, म्हणजे लेझरच्या हातात धरायच्या भागाचं, कडं कातडीवर सपाट टेकलेलं असावं लागतं. बाळानं मान वळवली आणि ते तिरकं झालं, तर एका कडेला फवारा पोचत नाही. तिथे चंद्रकोरीसारखा भाजल्याचा डाग उमटू शकतो. म्हणून "डोकं घट्ट धरा" असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगू. चष्मा बाळाला आणि तुम्हालाही.

येण्याआधी काही आठवडे डाग उन्हापासून जपा. रापलेल्या कातडीवर आम्ही लेझर करत नाही, तारीख पुढे ढकलतो. त्या दिवशी पावडर, तीट, क्रीम काही नको.

नंतर डाग पिकल्या जांभळासारखा दिसेल, आठवडा-दोन आठवडे तसा राहील. सूज आली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवा. आता तो चालतो. फोड आला तर फोडू नका, हळद किंवा टूथपेस्ट लावू नका, त्याच दिवशी दाखवायला या.